रामटेके गेले

मी मेल्यावर ग्रुपवर माझा कोणता फोटो टाकला जाणार, हे मला माहीत आहे. निळ्या साडीतला. नवेगावच्या तलावावर ऑफिसची सहल गेली होती तेव्हाचा. उन्हामुळे डोळे किंचित बारीक झालेले. त्याच्याभोवती झेंडूचा हार, खाली दोन समया, आणि समयांच्या ज्योती चक्क हलतात. हा फोटो आमच्या बडे बाबूंनी मला स्वतः दाखवला होता. दाखवून वर विचारलं होतं, "चांगला वाटते ना, मॅडम?"

हे कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं, माणूस विकृत असणार. तसं मुळीच नव्हतं. उलट माझ्या सगळ्या नोकरीत इतका मायाळू माणूस मला दुसरा भेटला नाही. म्हणून तर मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेली नाही.

कोहमाऱ्याच्या पुढे एका तालुक्याच्या गावी आमचं पाटबंधाऱ्याचं छोटं ऑफिस होतं. तीन खोल्या, एक व्हरांडा आणि एक जीप. मी गोंदियाहून बसने जायची. बडे बाबू जवळच्याच मुर्री गावाहून सायकलीने गोंदियाच्या बसस्टँडवर येत, सायकल पानठेल्यामागे लावत आणि त्याच बसने निघत. हेडक्लार्कला आमच्याकडे बडे बाबूच म्हणतात. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, त्यांच्या बायकोनेसुद्धा नाही. तीही "बाबू आले का?" असंच विचारायची.

त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. कुणाकडे मयत झाली की बडे बाबू हजर. ऑफिसातला माणूस असो, त्याची सासू असो, कालव्यावरचा रोजंदारी मजूर असो. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक कापडी पिशवी कायम भरलेली असे. तिच्यात सुतळीचा गुंडा, कात्री, उदबत्त्या, माचिस, एक कोरा पांढरा दुपट्टा. निरोप आला की ते पेनाचं टोपण लावत, पिशवी काखेत मारत आणि जीपच्या ड्रायव्हरला हाक देत, "रामटेके, चाल गा!"

मी नवी होते तेव्हा एकदा त्यांना विचारलं होतं, की तुम्ही लग्नाला कधी जात नाही आणि मयतीला मात्र कधी चुकत नाही, असं का? ते बशीत चहा ओतत म्हणाले, "लग्नाले नाई गेलं तं माणूस रागावते, चार दिवसानं विसरते. मरणाले नाई गेलं तं रागावाले तो राहातच नाई ना! मंग माफी कोणाले मागसान?"

माझे वडील वारले ते सकाळच्या प्रहरी. घरात फोन होता, पण काकांकडे तो लागेना. आई एका जागी बसून राहिलेली. मी दार उघडून बाहेर पाहते तर फाटकाशी बडे बाबू सायकल टेकवत होते. त्यांना कुणी कळवलं ते मला आजतागायत समजलेलं नाही. ते आत आले, आईसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमी आता काई पाहू नका. मी पाहून राहिलो."

आणि खरंच त्यांनीच सगळं पाहिलं. बांबू आणले, गुरुजी आणले, रायपूरहून येणाऱ्या भावासाठी किती थांबायचं ते ठरवलं, रडणाऱ्या आत्याला पाणी दिलं, तिच्याशी भांडायला निघालेल्या मामांना हाताला धरून अंगणात नेलं. आत बसून सांत्वन वगैरे काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी वरण-भाताचा डबा घेऊन आले, तो ओट्यावर ठेवला आणि चहा न घेता परत गेले. आई शेवटपर्यंत म्हणायची, तुझ्या वडलांना नेलं ते त्या मुर्रीच्या बाबूंनी.

दुसरी त्यांची खोड शुद्धलेखनाची. त्यांच्या खिशाला लाल पेन असे. कुणी 'श्रद्धांजली' चुकीचं लिहिलं की ते कळवळत. एकदा चौकातल्या फलकावर कुणा पुढाऱ्याच्या मातोश्रींना 'श्रधांजली' वाहिली होती. बाबूंनी शिपायाकडून स्टूल मागवून भर बाजारात त्यावर चढून ते दुरुस्त केलं होतं. "मेलेल्या माणसाले आपल्याकडून एवढंच तं मिळते," ते म्हणाले, "तेही तुटकं देता का?"

मग त्यांच्या मुलाने, तो पुण्याला कंपनीत होता, एका दिवाळीला त्यांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला.

तोवर आमचं सगळं ऑफिस फोनात गेलेलंच होतं. मीही होते. सकाळी दहाला आलो की सगळ्यांचे 'शुभ सकाळ' वाचण्यात अकरा वाजत. साहेब स्वतः रोज एक सुविचार टाकत आणि त्याला अंगठा कुणी दाखवला नाही ते लक्षात ठेवत. एकदा कालव्याच्या शेवटाकडचा एक शेतकरी धानाला पाणी पोचत नाही म्हणून अर्ज घेऊन आला. बराच वेळ तो काउंटरवर हात ठेवून उभा. आमच्यातलं कुणी मान वर करेना. शेवटी तो म्हणाला, "मी बाहेर जाऊन तुमाले फोनच करतो जी. मंग तरी बोलसान." सगळे हसलो. त्याचा अर्ज घेतला. आणि पुन्हा माना खाली गेल्या.

बडे बाबू मात्र सुरुवातीला फोन हातरुमालात गुंडाळून खणात ठेवत. मग त्यांना कुणीतरी ऑफिसच्या ग्रुपात घेतलं. मग विभागाच्या, निवृत्तांच्या, मुर्रीच्या, शाळासोबत्यांच्या, आमच्या बसच्या अप-डाऊनवाल्यांच्या. आणि एक दिवस विभागातल्या कुणा जुन्या इंजिनिअरच्या निधनाची बातमी त्यांनी सगळ्यांच्या आधी टाकली. शुद्ध मराठीत, एकही चूक नसलेली. पाहता पाहता हात जोडल्याची चित्रं येऊ लागली. साहेबांनी लिहिलं, 'बाबू, आपल्यामुळे समजले.' बाबू दिवसभर तो फोन समोर ठेवून बसले होते. एखाद्या लहान मुलाकडे कौतुकाने बघावं, तसं ते त्या पडद्याकडे बघत होते.

त्यानंतर हार आले. मुलाने त्यांना फोटोला हार घालायचं शिकवलं, समया लावायचं शिकवलं. बाबूंच्या लेखणीचा हात आधीच चांगला होता. त्यांची कार्डं इतकी सुबक असत की लोक तीच पुढे पाठवत. कुणी आजारी असल्याचं कळलं की बाबू विचारत, "कोणत्या दवाखान्यात आहे?" मला वाटायचं, भेटायला जायचं असेल. कधीतरी लक्षात आलं, की खणातली पिशवी कित्येक दिवसांत हललेली नाही.

माझी आई गेली तेव्हा मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर होते. शेजारी एक जुनी मैत्रीण होती. तिने ऑफिसात कळवलं. मी अजून भावाला फोनही केला नव्हता, तोच भावाचा रायपूरहून मला फोन आला. तो ओरडत होता, "हे काय आहे? आईच्या फोटोला हार कोणी घातला?" बाबूंचं कार्ड कुठून कुठून फिरत त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

त्या दिवशी घरात पुष्कळ माणसं येत होती. फाटक वाजलं की माझी नजर तिकडे जायची. एका सायकलीची वाट पाहत होते मी. ती आली नाही. आठवड्याने बसमध्ये बाबू भेटले, शेजारी बसले, आणि फोन काढून मला दाखवू लागले. "पाहा मॅडम, सगळ्यात आधी आपलंच होतं. किती लोकाइनं हात जोडले पाहा. जिल्ह्याच्या साहेबानंही जोडले." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर निर्मळ आनंद होता. त्यांना खरोखरच वाटत होतं, की ते येऊन गेले.

आणि मग रामटेके.

रामटेके म्हणजे आमचा जीपचा ड्रायव्हर, केशोरी गावचा. उंच, हसरा, गाडीत सदा काहीतरी गुणगुणणारा. बाबूंच्या आजवरच्या सगळ्या मयतींना त्यांना घेऊन जाणारा तोच. दोघे एकाच ग्लासातला चहा अर्धा अर्धा करून प्यायचे. धानाच्या रोवणीचे दिवस होते. शाखा अभियंत्यांना कालव्यावर घेऊन गेलेला असताना रामटेकेच्या छातीत दुखू लागलं. अभियंत्यांनी त्याला मागे झोपवलं आणि स्वतः जीप हाकत गोंदियाला दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब नागपूरला न्या. रामटेकेचा पुतण्या गोंदियातच राहतो, तो अँब्युलन्समध्ये बसला. केशोरीला रामटेकेच्या बायकोला, आमच्या वहिनीला, एवढंच कळवलं होतं, की तब्येत बिघडली आहे, कपडे घेऊन निघा.

आम्ही ऑफिसात सगळे फोनकडे पाहत बसलो होतो. त्या दिवशी तरी त्याला कारण होतं. अभियंत्यांचा निरोप आला. दोनच शब्द.

'रामटेके गेले.'

शिपाई मटकन खाली बसला. कुणी काही बोलायच्या आत पुढचा निरोप आला: 'नागपूरला. अँब्युलन्सने. डॉक्टर सोबत आहेत, तब्येत स्थिर.'

आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी हसलंसुद्धा. आणि मी बाबूंकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांचा अंगठा पडद्यावर होता आणि चेहरा पांढरा पडत चालला होता.

त्या दोन निरोपांच्या मधल्या वेळात त्यांनी कार्ड टाकलं होतं. खाकी कपड्यातला हसरा रामटेके, हार, समया, आणि खाली वळणदार अक्षरात: 'आमचे सहकारी, मनमिळाऊ वाहनचालक रामटेके यांचे हृदयविकाराने दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' सगळ्या ग्रुपांवर. त्या काळी एकदा पाठवलेलं परत घेता येत नसे.

"बाबूजी, लिहा ना काहीतरी! चूक झाली म्हणून लिहा!" मी ओरडले.

त्यांनी लिहिलं. तेही शुद्ध लिहिलं. पण त्या माफीला हार नव्हता, समया नव्हत्या. ती कुणी पुढे पाठवली नाही. कार्ड मात्र आमच्या डोळ्यांसमोर पुढे चाललं होतं. पाहता पाहता माझ्या गोंदियाच्या गल्लीतल्या बायांच्या ग्रुपात ते येऊन पडलं, जिथे रामटेकेला ओळखणारं कुणीही नव्हतं.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. दोन निरोपांच्या मध्ये चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ नव्हता. मी विचारलं, "एवढ्या लवकर कार्ड झालं कसं?"

"तयारच होतं," बाबू म्हणाले. "मागं शुगर निघाली होती ना त्याले. तेव्हाच करून ठेवलं होतं."

त्यांना वाटलं, मला पटलेलं नाही. मग त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि समजावून सांगू लागले, एखादी फाईल समजवावी तसं. साहेबांचं होतं. शिपायाचं होतं. अभियंत्यांचं होतं. आणि निळ्या साडीतली मी. "वेळेवर धावपळ होते, मॅडम. चांगला फोटो भेटत नाई. म्हणून सगळ्याइचे करून ठेवले. चांगला वाटते ना?"

मी माझ्याच हसऱ्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या तोंडाखाली माझा जन्म-मृत्यू लिहायला जागा सोडलेली होती. मी विचारलं, "आणि तुमचं कार्ड?"

ते गोंधळले. या गोष्टीचा त्यांनी विचारच केला नव्हता. "माया?" ते म्हणाले. "माया फोटो मी कसा टाकीन?"

तिकडे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. नागपूरच्या रस्त्यावर अँब्युलन्समध्ये रामटेकेच्या पुतण्याचा फोन वाजू लागला. लोक विचारत होते, माती केव्हा आहे? पुतण्या रडकुंडीला येऊन सांगत होता, अहो जिता आहे काका, माझ्यासमोर आहे. रामटेकेने नाकावरची नळी बाजूला करून त्याच्या हातातला फोन पाहिला. स्वतःला घातलेला हार त्याने पाहिला. तो मला पुढे म्हणाला, "मले वाटलं मॅडम, डॉक्टरनं याइले सांगतलं असन, मलेच नाई सांगतलं."

आणि केशोरीला वहिनी कपड्यांची थैली भरून मोटरसायकलची वाट पाहत उभी होती. तेवढ्यात शेजारचा कुणी फोन हातात धरून रडत अंगणात आला. गाव गोळा झालं. बुद्धविहारात असल्या रीतींविरुद्ध किती वेळा सांगितलं जातं, तरी मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्या बाया पुढे आल्या आणि त्यांनी वहिनीचे हात धरून उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या. कुणी बांबू आणायला निघालं. वहिनीचा साधा फोन त्या गर्दीत कुठे पडला ते कळलं नाही. दुपारी कुठे जाऊन गावातल्या एका मास्तरांना पुतण्याचा फोन लागला, त्यांनी तो वहिनीच्या कानाला लावला. पलीकडून रामटेके म्हणाला, "अवं, मी बोलून राहिलो." तिने फोन फेकून दिला. कुणी थट्टा करत आहे असं तिला वाटलं.

रामटेके वाचला. महिनाभराने घरी आला, पुढे पुन्हा जीपही चालवू लागला. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर त्याला पाहून एका माणसाच्या हातातला ग्लास पडला होता. रामटेके ते रंगवून सांगायचा. साहेबांनी ऑफिसात फोन वापरायला बंदी केल्याची सूचना काढली आणि ती ग्रुपवर टाकली. आम्ही सगळ्यांनी तिला अंगठे दाखवले. बाबूंनी सगळे ग्रुप सोडले, आणि पंधरा दिवसांत एकेक करून पुन्हा जोडले गेले. लोकांनीच जोडलं त्यांना. बातम्या उशिरा कळत होत्या म्हणे.

बाबू पुढे निवृत्त झाले. पण मला ते आठवतात ते केशोरीच्या त्या अंगणातले. रामटेके नागपूरहून परतल्यावर त्यांनी मला गळ घातली, "मॅडम, तुमी चला संग. एकट्यानं माह्यानं जावत नाई." एका रविवारी आम्ही गेलो. अंगणात बाजेवर रामटेके बसला होता, गालफडं आत गेलेली, पण हसणं तेच. बाबूंनी दारातच चपला काढल्या आणि बाजेसमोर मातीत बसले. हात जोडले. त्यांना हुंदका आवरेना. "जाऊ द्या ना बाबूजी," रामटेके म्हणत होता, "तुमच्या हातानं माया एवढा चांगला फोटो निघाला, कोणाचा निघते?"

वहिनी चहा घेऊन आली. तिने मला कप दिला तेव्हा माझी नजर तिच्या मनगटांवर गेली. दोन्ही मोकळी होती.

"नव्या नाही भरल्या?" मी हळूच विचारलं.

"इच्छा नाई होत," ती म्हणाली. मग बाबूंसमोर जाऊन उभी राहिली. "बाबूजी, मी तुमाले शिव्या नाई देत. तुमी याइचे दोस्त आहा. पण त्या घंट्या-दोन घंट्यात मी सारं सोचून टाकलं. पोरीले कोठं ठेवू, धान कोण कापन, इथं राहू का भावाकडं जाऊ. सारं. आता हे वापस आले, समोर बसून चाय पिऊन राहिले. चांगलं झालं. पण मी याइच्याकडं पाहतो तं मले मेलेलेच दिसतेत. सकाळी उठून नाकाशी हात धरून पाहतो. हे माया डोक्यातून आता कोण काढन?"

रामटेकेचं हसणं थांबलं. त्याला हे तिने सांगितलं नसावं. बाबू मान खाली घालून रडत होते, त्यांच्या चष्म्यातून पाणी मातीत पडत होतं. मला वाटलं, आता हा माणूस सुटला. आता तो पुन्हा आमचा बडे बाबू झाला.

तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. निरोप आल्याचा तो आवाज. पाठोपाठ दुसरा, तिसरा.

त्यांचा जोडलेला हात सुटला. तो आपोआप वर आला, खिशापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. ते स्वतःच त्या हाताकडे पाहत राहिले.

"घ्या बाबूजी," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात जराही राग नव्हता. "पाहून घ्या. कोणी मेला असन."

बाबूंनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि पाहिलं.